शेजारच्या होडीत डॉक्टर आहे, दवाखाना नाही

पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरलेल्या शिडाच्या होड्या साधारण फेब्रुवारी ते मे या काळात पश्चिमेची वाट धरतात. गालापागोस सोडलं की फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३००० सागरी मैल नुसतं पाणी. चाळीस फुटी होडीला तीन ते चार आठवडे लागतात. होडीवर बहुधा दोनच माणसं, नवरा-बायको, आणि बरेचदा पन्नाशी-साठी ओलांडलेली. या वयात बीपीच्या गोळ्या चालू असतात, एखादी दाढ कुरकुरत असते, गुडघा अधूनमधून बोलत असतो. त्यामुळे निघताना प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न असतो: मध्येच काही झालं तर?

त्याचं अर्धं उत्तर शेजारच्या होडीत असतं. होडी घेण्याइतका पैसा आणि दोन-तीन वर्षं काम बंद ठेवण्याची मुभा, या दोन्ही गोष्टी ज्यांना जमतात अशा व्यवसायांत डॉक्टरकी वरच्या रांगेत आहे. पंचवीस-तीस होड्या नांगर टाकून असल्या की डॉक्टर, नर्स, दाताचे डॉक्टर, रुग्णवाहिकेवर काम केलेले पॅरामेडिक, गुरांचे डॉक्टर यांतलं कुणी ना कुणी बहुतेक वेळा सापडतं. उरलेलं अर्धं उत्तर मात्र आपल्याच होडीत असावं लागतं आणि घोळ होतो तो तिथे. शेजारी डॉक्टर आहे म्हटल्यावर लोक निर्धास्त होतात. तो माणूस डिंगीतून, म्हणजे होडीसोबतच्या छोट्या नावेतून, येतो तेव्हा त्याच्या हातात फार तर स्टेथोस्कोप असतो. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, हाताखाली कुणी नाही, आणि तुमच्या कप्प्यात कोणतं औषध आहे हे त्याला ठाऊक नाही.

डॉक्टर म्हणजे कोणता डॉक्टर?

ओळख झाली की हे आधी विचारून घ्यावं, संकोच करू नये. शेवटचं काम कशाचं केलं, सोडून किती वर्षं झाली, शिरेत सुई लावायची सवय अजून आहे का, आणि रात्री बोलावलं तर चालेल का. चार प्रश्न, दोन मिनिटं.

माझी पहिली पसंती अपघात विभागात काम केलेल्या नर्सला आहे. जखम धुणं, सलाईन लावणं, पेशंटकडे बघून "हा बिघडत चाललाय" हे ओळखणं, हे त्यांनी हजारो वेळा केलेलं असतं आणि तेही अपुऱ्या सामानात. दुसरी पसंती भूलतज्ज्ञाला. शीर सापडत नसली तरी ते शोधतात, श्वास अडकला तर काय करायचं हे त्यांच्या बोटांत असतं, आणि वेदना कशी थोपवायची हा तर त्यांचा धंदाच. कुटुंबाचे डॉक्टर पुरळ, कान, लघवीची जळजळ, ताप यांत सगळ्यांत उपयोगी, आणि होडीवरची बहुतेक दुखणी याच जातीची असतात. सर्जनचा उपयोग लोकांना वाटतो त्याच्या नेमका उलटा असतो: कापायचं कधी नाही, हे तो खात्रीने सांगू शकतो. रेडिओलॉजी किंवा पॅथॉलॉजीत तीस वर्षं काढलेल्या माणसाने शेवटचा पेशंट कधी हाताळला हे त्यालाही आठवत नसतं. तो प्रामाणिक असेल तर स्वतःच सांगेल.

दाताचे डॉक्टर दातापलीकडेही कामाचे. जागा बधिर करणं आणि बारीक टाके घालणं हे त्यांचं रोजचं काम. गुरांच्या डॉक्टरांना हसू नये. न बोलणाऱ्या पेशंटचं दुखणं ओळखायची त्यांना सवय असते आणि टाके ते सुरेख घालतात. फक्त माणसाचा डोस त्यांना तोंडपाठ नसतो, तो पुस्तकातून किंवा किनाऱ्यावरच्या डॉक्टरकडून पडताळून घ्यावा. मानसोपचारतज्ज्ञाला कुणी मोजत नाही. पण दोन माणसांच्या होडीवर दहा दिवस तुटक झोप झाल्यावर भ्रम, घाबरणं, आळीपाळीच्या पहाऱ्यावरून टोकाची भांडणं हे प्रकार होतात आणि तिथे रेडिओवरून शांत आवाजात बोलणारा माणूसच औषध ठरतो.

ओळख कशी होते

मोठ्या मुक्कामांवर सकाळी व्हीएचएफ रेडिओवर (जवळच्या अंतरावर बोलायचा होडीवरचा सेट) सामायिक बैठक भरते. मेक्सिकोतल्या ला पाझमध्ये ती २२ नंबरच्या चॅनेलवर होते. कुठल्याही अशा बैठकीची सुरुवात ठरलेली असते: कुणाकडे तातडीचा, वैद्यकीय किंवा प्राधान्याचा निरोप आहे का? हवामान, भरती-ओहोटी, सुटे भाग, भाजीचा बाजार हे सगळं त्यानंतर. नव्या मुक्कामावर पोचल्यावर आपल्या होडीचं नाव सांगतानाच "आमच्याकडे नर्स आहे" असं काही जण आपणहून सांगतात. पुष्कळ डॉक्टर मात्र सांगत नाहीत, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. एकदा कळलं की संध्याकाळी वाळूवर जेवायला जमल्यावर कुणी गुडघा दाखवतो, कुणी जुने रिपोर्ट काढतो. दुसरं कारण कायद्याचं. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी डॉक्टरला त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना नसतो आणि त्याचा व्यावसायिक विमा निवृत्तीबरोबर संपलेला असतो.

म्हणून जुनी दुखणी त्यांच्यासमोर मांडू नयेत. ती निघण्यापूर्वी आपल्या गावच्या डॉक्टरकडे निस्तरायची. दातांचा एक्स-रे, डोळे, ईसीजी, साठीपुढच्या पुरुषांनी प्रोस्टेट, हे सगळं किनाऱ्यावर असतानाच.

मोठ्या टप्प्याला निघताना एकाच आठवड्यात सुटणाऱ्या होड्या आपसात यादी करतात: होडीचं नाव, एमएमएसआय क्रमांक (होडीच्या रेडिओची ओळख), उपग्रह फोनचा नंबर, वैद्यकीय अनुभव असलेलं माणूस, आणि त्या होडीवरचं विशेष सामान. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. डिफिब्रिलेटर, ऑक्सिजन, सलाईन, लघवीची नळी कुणाच्या होडीत आहे हे डॉक्टर कुणाच्या होडीत आहे याइतकंच महत्त्वाचं. मॉर्फिनसारखी औषधं मात्र या यादीत लिहू नयेत आणि रेडिओवर तर त्यांचा उच्चारही करू नये. चोरीला ते आमंत्रण आहे.

पूर्वी लांबच्या संपर्काला एसएसबी हा लांब पल्ल्याचा रेडिओ होता. १४.३०० मेगाहर्ट्झवरचं हौशी रेडिओवाल्यांचं सागरी नेट अजूनही चालतं आणि जिवावरच्या प्रसंगी तिथे परवान्याशिवायही हाक मारता येते. आता बऱ्याच होड्यांवर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरचं इंटरनेट, आहे, त्यामुळे जखमेचा फोटो, व्हिडिओ कॉल हे सगळं जमतं. त्यातून एक नवी चूक जन्माला आली आहे. लोक गटावर मेसेज टाकतात आणि वाट बघत बसतात. डॉक्टर पहारा संपवून झोपलेला असतो, फोन मुका असतो, किंवा वीज वाचवायला अँटेना बंद असते. दिवसातून दोन वेळा ठरवून ठेवाव्यात, समजा ०७०० आणि १९०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्या वेळी सगळ्यांचे फोन चालू. व्हीएचएफ १६, म्हणजे मदतीच्या हाकेचं चॅनेल, रात्रंदिवस चालू ठेवावाच, पण डोलकाठीवरच्या अँटेनानेसुद्धा तो साधारण १५ ते २० मैलच पोचतो. हातातला सेट तर त्याच्या पाव अंतरावर दम तोडतो.

आणि व्हीएचएफ म्हणजे चावडी. "वैद्यकीय काम आहे, ६८ वर या" म्हटलं की अर्धी खाडी ६८ वर जाऊन ऐकते. नाव, आजार, औषध यातलं काही तिथे बोलू नये. भेटायची वेळ ठरवावी आणि डिंगी पाठवावी.

एका पानाची चिठ्ठी

डॉक्टरला बोलावण्याआधी ही चिठ्ठी लिहून काढावी. माझ्या मते होडीवरच्या सगळ्या औषधांपेक्षा हिची किंमत जास्त आहे.

वरच्या भागात न बदलणाऱ्या गोष्टी, ज्या निघण्यापूर्वीच प्रत्येक माणसासाठी लिहून ठेवायच्या: वय, वजन किलोत, ॲलर्जी, रोजची औषधं डोससकट, झालेल्या शस्त्रक्रिया, रक्तगट, धनुर्वाताची शेवटची लस. खाली आजचं: सुरुवात कधी झाली, कशी झाली, वाढतंय की उतरतंय. ताप, नाडी मिनिटाला किती, श्वास मिनिटाला किती, बीपी, ऑक्सिमीटरचा आकडा, शुद्ध कशी आहे. गेल्या २४ तासांत किती प्यायलं आणि किती लघवी झाली, मिलिलिटरमध्ये. आतापर्यंत कोणती गोळी, किती वाजता, किती. शेवटी होडीची जागा, जवळचं बंदर किती तासांवर, आणि होडी चालवायला धडधाकट माणसं किती. हा शेवटचा आकडा डॉक्टर विचारत नाहीत, पण निर्णय त्यावरच फिरतो. दोघांपैकी एक आडवा झाला की दुसरा सुकाणू, स्वयंपाक आणि शुश्रूषा तिन्ही करतो आणि दोन दिवसांत तोही कोसळतो.

आकडे एकदा पाठवून काही कळत नाही. दर तासाला, बरं वाटू लागलं की चार तासांनी, त्याच कागदावर खाली खाली लिहीत जावं. नाडी ८४, ९६, ११२ अशी चढताना दिसली की डॉक्टरला पुढचं सांगावं लागत नाही.

चिठ्ठीत "घेतलेल्या गोळ्या" हा रकाना का हवा, याचं उदाहरण जगजाहीर आहे. १९९८ च्या 'अराउंड अलोन' या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत व्हिक्टर याझिकोव्ह हा रशियन खलाशी दक्षिण अटलांटिकमध्ये एकटा होता. कोपरात पू झाला होता. बोस्टनहून डॉ. डॅनियल कार्लिन यांनी ईमेलवर एकेक पायरी लिहून पाठवली आणि याझिकोव्हने स्वतःच्या हाताने गळू कापलं. पू निघाला, पण रक्त थांबेना. तो दुखण्यासाठी ॲस्पिरिन घेत होता आणि ॲस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो. हात वाचला, पण थोडक्यात. त्याआधी १९९३ मध्ये तशाच 'व्हांदे ग्लोब' शर्यतीत बर्त्राँ द ब्रोक याने डॉ. जाँ-इव्ह शोव्ह यांच्या लेखी सूचनांवर आरशात बघून स्वतःची जीभ शिवली होती. दोन्हीकडे डॉक्टर हजारो मैल दूर होते. दोरा, सुई, पातं आणि कागदावरची माहिती मात्र होडीतच होती.

पेटी

डॉक्टर आपल्या होडीत दोन माणसांपुरतीच औषधं ठेवतो. त्यातली तो तुम्हाला देईलही, पण मग पुढचे दोन हजार मैल तो स्वतः उघडा पडतो. म्हणून पेटी स्वतःची हवी, आणि ती अशी हवी की ज्याला वापरता येतं त्याच्या हातात देता येईल. स्वतःला सलाईन लावता येत नाही म्हणून सलाईन ठेवायचं नाही, हे उलटं गणित आहे. लावणारा भेटेल, पण त्याच्याकडे बाटली नसेल.

दोन माणसांसाठी मी धरलेला किमान हिशेब असा: ५०० मिलीच्या सलाईनच्या चार बाटल्या, चार ड्रिप सेट, १८ आणि २० गेजच्या सहा-सहा कॅन्युला (शिरेत बसवायच्या नळ्या). सेफट्रायक्झोन या टोचायच्या अँटिबायोटिकच्या १ ग्रॅमच्या दहा कुप्या. ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅमची पाच ॲम्प्युल. उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन, तोंडात विरघळणारी. जागा बधिर करायला लिग्नोकेन, ३-० आणि ४-० नायलॉनचे टाके, २० मिलीच्या दहा सिरिंज, मोडलेला हात-पाय बांधायला वाकवता येणारी पट्टी, हातमोजे दोन मापांचे. आणि १६ नंबरची लघवीची नळी, दोन नग, पिशवीसकट.

नळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती कुणाच्याच यादीत नसते. साठीपुढच्या पुरुषाचं प्रोस्टेट बरेचदा वाढलेलं असतं. समुद्र लागू नये म्हणून तो प्रोमेथाझिन घेतो किंवा कानामागे स्कोपोलामिनची पट्टी लावतो. या औषधांनी मूत्राशयाचा जोर कमी होतो आणि लघवी पूर्ण तुंबू शकते. बारा तासांत माणूस वेदनेने तळमळतो. नर्सला हे दहा मिनिटांचं काम आहे, नळी असेल तर. नसेल तर आख्ख्या ताफ्यातले डॉक्टर मिळूनही काही करू शकत नाहीत.

सेफट्रायक्झोन कॅल्शियम असलेल्या द्रवात, म्हणजे रिंगर लॅक्टेटमध्ये, मिसळायचं नाही, साका धरतो. स्नायूत टोचताना ते लिग्नोकेनमध्ये विरघळवतात, तेच मिश्रण शिरेत कधीही द्यायचं नाही. हे दोन वाक्यांत लिहून कुपीच्या खोक्यावर चिकटवून ठेवावं. बोलावलेल्या डॉक्टरला ठाऊक असतंच, पण रात्री तीन वाजता डोलणाऱ्या होडीत, डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात, त्यालाही चिठ्ठी बरी वाटते.

नावांचा गोंधळ हा आपल्याकडून निघणाऱ्यांना हमखास नडतो. औषधं मुंबईतून भरली की स्वस्त पडतात, पण पुड्यावर ब्रँड असतो. क्रोसिन म्हटलं तर अमेरिकन नर्सला काही कळत नाही. पॅरासिटामॉल म्हटलं तरी तिच्या ओठावर ॲसिटामिनोफेन असतं. ॲड्रेनालिन म्हणजे तिचं एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. स्टुजेरॉनमधलं सिनारिझिन किंवा निमेसुलाइड अमेरिकेत विकलंच जात नाही, त्यामुळे तिथल्या डॉक्टरने ते कधी लिहून दिलेलं नसतं. यादीत मूळ औषधाचं नाव, दोन्ही प्रचलित रूपं, ताकद, नग, मुदत, आणि होडीतला कप्पा. यादीची एक प्रत पेटीच्या झाकणाला, एक फोनमध्ये. ट्रॅमाडॉलसारखी औषधं बऱ्याच देशांत नियंत्रित आहेत. ती मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठीसह ठेवावीत आणि बंदरात उतरताना जाहीर करावीत.

पेटी इंजिनाशेजारच्या कप्प्यात ठेवू नये, तिथे चाळीस अंशांवर तापमान जातं. होडीच्या मध्यभागी, खाली, आणि पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा जागी. २००८ च्या व्हांदे ग्लोबमध्ये यान एलियेसचं मांडीचं हाड ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मोडलं. वेदनाशामक होडीतच होतं, पण त्याला तिथवर सरकता येईना. मार्क गियमो आपली होडी घेऊन त्याच्या सोबत थांबला, पण चढणं शक्य नव्हतं. शेवटी ऑस्ट्रेलियन नौदलाच्या 'अरुंटा' या युद्धनौकेने त्याला उचललं.

भर समुद्रात

खाडीत डॉक्टर पाच मिनिटांत येतो. भर समुद्रात डॉक्टर येत नाही, आवाज येतो, आणि जमलं तर औषध. हे आधीच मान्य करून टाकावं.

समजा डॉक्टरची होडी १२० मैल पुढे आहे आणि मागून २० नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) व्यापारी वारा आहे. सगळ्यांच्या मनात पहिलं येतं की त्याने मागे फिरावं. फिरला तर त्याला वाऱ्याच्या तोंडावर चालावं लागतं. दर तासाला तीन-चार मैल पदरात पडतात, पाणी डेकवरून वाहतं आणि डॉक्टर पोचेपर्यंत स्वतः ओकून अर्धमेला झालेला असतो. त्यापेक्षा त्याने आहे तिथे थांबावं: पुढचं शीड उलट बाजूला ताणून, सुकाणू होडी वाऱ्याकडे वळवेल असं बांधून. तुम्ही ६ नॉटने आलात तर २० तासांत पोचता. डॉक्टर मागे असेल तर थांबायचं तुम्ही, आणि ते पेशंटलाही सोसतं, कारण अशी थांबवलेली होडी कमी लोळते.

भेटल्यावर होड्या जवळ आणू नयेत. दोन मीटरच्या लाटेत दोन्ही होड्या वेगवेगळ्या तालात झुलतात आणि डोलकाठ्या एकमेकींत अडकतात. एका पेशंटच्या जागी दोन मोडक्या होड्या होतात. औषध असं द्यायचं: झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत सामान, ॲम्प्युल मोज्यात गुंडाळून, झाकणावर टेप, आणि अर्धी बरणी हवेने भरलेली. बादलीत बुडवून आधी गळते का बघायची. तरंगणाऱ्या दोरीचं ५० मीटरचं टोक, टोकाला फेंडर (होडीच्या बाजूला लावायचा हवा भरलेला फुगा) आणि त्यालाच बरणी. देणारी होडी दोन नॉटने सरळ चालते आणि दोरी मागे सोडते. घेणारी मागून येऊन फेंडर काठीच्या आकड्याने उचलते. दोरी जवळ आली की घेणाऱ्याचं इंजिन न्यूट्रलला, नाहीतर ती पंख्यात जाते. उजेडातच करावं. रात्री हे करण्याइतकं घाईचं काही असेल तर ते बरणीने सुटणारंही नसतं.

नेहमीची दुखणी

प्रवाळाने खरचटणं हे या बेटांवरचं एक नंबरचं दुखणं. लोक डॉक्टरकडे टाके घालायला येतात आणि डॉक्टर नकार देतो, तो बरोबर असतो. आत प्रवाळाचे कण राहिले आणि वरून शिवलं तर पू होणारच. पिण्याच्या पाण्याने, २० मिलीच्या सिरिंजने जोर लावून, निदान अर्धा ते एक लिटर पाणी वापरून धुवावं, मऊ ब्रशने घासावं, उघडं ठेवून पट्टी करावी, आणि सुकेपर्यंत समुद्रात उतरू नये. शेवटची अट कुणी पाळत नाही, म्हणून महिनाभर जखम भरत नाही. कोमट समुद्राच्या पाण्यातले काही जंतू त्वचेच्या नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, त्यामुळे डॉक्टर बरेचदा डॉक्सिसायक्लिनही जोडायला सांगतात.

गळ रुतला तर उलटा ओढू नये. गळाच्या वाकाला जाड दोरा अडकवायचा, दांडा कातडीला समांतर खाली दाबून धरायचा आणि दोरा कातडीला समांतर एका झटक्यात खेचायचा. डोळ्याच्या आसपास हे करायचं नाही, तिथे गळ तसाच ठेवून, हलणार नाही असा बांधून डॉक्टर गाठायचा.

उकळतं पाणी सांडून भाजलं तर २० मिनिटं गार पाणी. टाकीतलं पाणी वाचवायचं म्हणून लोक दोन मिनिटांत थांबतात. परातीत पाय ठेवून तेच पाणी मगाने पुन्हा पुन्हा ओतलं तर चार लिटरमध्ये भागतं.

दाताचं भरण निघालं तर झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलाची लगदी, दात कोरडा करून. जुलाबात लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. ही दोन्ही घरचीच विद्या, त्यासाठी कुणाला उठवू नये.

काही बाबतींत होडीवरच्या परदेशी डॉक्टरपेक्षा बेटावरची नर्स जास्त जाणते. खडकाळ उथळ पाण्यातला मोठा मासा, बाराकुडा किंवा हेकरूसारखा, खाल्ल्यावर जुलाब, ओठांना मुंग्या आणि गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागणं, हे सिग्वाटेराचं विष. शिजवून किंवा गोठवून ते जात नाही, चवीला कळत नाही, त्यावर उतारा नाही. थंड देशात आयुष्य काढलेल्या डॉक्टरने ते कधी पाहिलेलं नसतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या आरोग्यकेंद्रात ते नेहमीचं आहे. कोणत्या खडकावरचा मासा खायचा नाही हे तर तिथला कोळीच सांगतो, त्याला आधी विचारावं. डेंग्यूचंही तेच. ताप डेंग्यूचा असू शकतो तिथे आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन बंद, फक्त पॅरासिटामॉल, हे महाराष्ट्रातल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

हद्द

ॲपेंडिक्सची भीती सगळ्यांना असते. त्यावर अँटिबायोटिकने वेळ काढता येतो हे खरं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या कोडा अभ्यासात अँटिबायोटिकवर ठेवलेल्या दहांपैकी साधारण तिघांना ९० दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली. पण ती माणसं स्कॅन झालेली आणि रुग्णालयाच्या आवाक्यात होती. होडीवर निदानच अंदाजाने असतं. त्यामुळे उजव्या बाजूला खाली दुखणं, ताप आणि चालताना पोटात कळ हे तिन्ही जमलं की औषध सुरू करतानाच होडीचं तोंड शस्त्रक्रिया होणाऱ्या बंदराकडे वळवावं. मार्केसासमध्ये नुकू हिवाच्या तायोहाए गावात रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीचं काही असेल तर सुमारे १४०० किलोमीटरवरच्या ताहितीला विमानाने जावं लागतं.

छातीत दुखणं, एका बाजूला तोंड-हात लुळं पडणं, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोक्यावर आदळून नंतर गुंगी वाढत जाणं, पोट लाकडासारखं कडक होणं: इथे शेजारच्या डॉक्टरला विचारत बसू नये. आधी समुद्री शोध-बचाव केंद्राला कळवावं, डॉक्टरला त्याच वेळी दुसऱ्या माणसाने. रोमचं सीआयआरएम हे वैद्यकीय केंद्र १९३५ पासून समुद्रावरच्या कुणालाही मोफत वैद्यकीय सल्ला देतं. तूलूजचं फ्रेंच सागरी वैद्यकीय केंद्रही याच कामाचं. या केंद्रांचा सल्ला आणि शेजारच्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं तर केंद्राचं ऐकावं आणि शेजारच्याचे हात वापरावेत. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून साधारण दीडशे-दोनशे मैलांपलीकडे येत नाही. त्यापुढे मालवाहू जहाज वळवलं जातं आणि उंच जहाजाच्या दोरीच्या शिडीवर आजारी माणूस चढवणं हा दुसरा अपघात ठरू शकतो.

भारतीय नौदलाचे खलाशी अभिलाष टॉमी यांची गोष्ट आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. २१ सप्टेंबर २०१८, गोल्डन ग्लोब शर्यत, हिंदी महासागराचा दक्षिण भाग. गोव्यात बांधलेल्या 'थुरीया'ची डोलकाठी गेली, पाठीला जबर मार बसला. जवळचा स्पर्धक ग्रेगर मगकिन स्वतःची मोडलेली होडी घेऊन त्यांच्याकडे निघाला होता. २४ तारखेला 'ओसिरिस' हे फ्रेंच गस्ती जहाज पोचलं, छोट्या रबरी बोटींतून त्यांना काढलं आणि ॲम्स्टरडॅम बेटावर नेलं. तिथून भारतीय नौदलाच्या 'सातपुडा'ने मायदेशी आणलं. थुरीया तिथेच सोडावी लागली. बचावाची हाक द्यायची म्हणजे बरेचदा होडीवर पाणी सोडायचं, आणि लोक हाक उशिरा देतात त्याचं खरं कारण हेच असतं. तब्येत किती बिघडली की होडी सोडायची, हे निघण्यापूर्वी किनाऱ्यावर बसून दोघांनी ठरवावं. तापाने फणफणलेल्या माणसाने ते ठरवू नये.

देणंघेणं

पैसे विचारू नयेत आणि देऊ नयेत. पर्यटक व्हिसावर घेतलेली फी म्हणजे विनापरवाना धंदा, त्याला अडचणीत आणायचं. दुसऱ्या वस्तूंनी फेड होते: त्याचं पाणी गोडं करणारं यंत्र दुरुस्त करून द्यावं, होडीच्या तळाची शेवाळं खरवडून द्यावीत, डिझेलचे दोन कॅन भरून आणावेत, गरम पोळ्या पाठवाव्यात.

वापरलेलं सामान मात्र आठवणीने परत करावं. त्याच्या पेटीतली तीन कॅन्युला आणि दोन कुप्या तुमच्यावर खर्च झाल्या असतील तर पुढच्या औषधाच्या दुकानातून त्याच ताकदीच्या, निदान वर्षभर मुदतीच्या, दोनाच्या जागी चार घेऊन ठेवाव्यात. काय उपचार केले, कोणती औषधं किती वाजता दिली हे लिहिलेला कागद त्याच्याकडून मागून घ्यावा, त्याने नाही लिहिला तर आपण लिहून त्याला वाचून दाखवावा. पुढच्या बेटावरच्या नर्सला तोच द्यायचा आहे. तो फ्रेंचमध्ये भाषांतर करून ठेवला तर तायोहाएच्या दवाखान्यात अर्धा तास वाचतो.